लेफ्टनंटचा उजवा हात

ग्वाल्हेरात आरमारी अधिकाऱ्याचा पुतळा बसणार म्हटल्यावर लोकांना आधी हसू फुटलं. महाराज बाड्याच्या चौकात पानवाल्यापाशी उभं राहून ते एकमेकांना विचारायचे, "पुतळा ठीक आहे, पण समंदर कुठून आणणार? स्वर्णरेखेतून?" स्वर्णरेखा ही गावची नदी. भाद्रपद सरला की तिच्यात म्हशीचे खूर बुडायची मारामार.

हसणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? पण ज्याच्यावरून हे हसणं चाललं होतं त्याची बायको ह्याच गावात राहत होती आणि तिलाही कान होते, एवढं तरी कुणी ध्यानात घ्यायला हवं होतं. विजयाबाई धुमाळ तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. नवऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. कंपू भागातल्या घरात त्या आणि त्यांचे सासरे महिपतराव अशी दोनच माणसं उरली होती. सासूबाई मुलापाठोपाठ वर्षभरातच गेल्या.

धुमाळांचं घराणं सात पिढ्यांचं शिपाईगड्यांचं. दख्खनेतून घोड्यावर बसून आले ते इथंच राहिले. पाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीपुरता. महिपतराव स्वतः संस्थानच्या पायदळ पलटणीत सुभेदार होते. त्यांचा एकुलता एक मुलगा सूर्याजी कॉलेजातून परस्पर अर्ज करून आरमारात गेला, तेव्हा महिपतरावांनी महिनाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. "जमीन संपली होती का रे?" एवढंच ते शेवटी म्हणाले. सूर्याजी लेफ्टनंट झाला. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशातल्या अराकानच्या किनाऱ्याजवळ त्याचं जहाज सुरुंगावर गेलं. बुडत्या जहाजावरून त्यानं एकोणीस खलाशी होडीत उतरवले आणि विसाव्याला आणायला तो पुन्हा खाली गेला. अग्नी द्यायला देहसुद्धा हाती लागला नाही.

पुतळ्याचा ठराव दरबारानं सेहेचाळीस साली केला. पण पुढं दरबारच राहिला नाही. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, आणि त्या सरकारला राजधान्या दोन, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. माणसांबरोबर फायलीही ट्रंकांत बसून ये-जा करू लागल्या. सूर्याजीच्या फायलीनं हा प्रवास आठ वर्षं केला. जिवंतपणी त्यानं केला नसेल एवढा आगगाडीचा प्रवास त्याच्या नावानं झाला. आणि आता छप्पन साली बातमी आली, की पहिल्या नोव्हेंबरला मध्यभारतही संपणार. नवं राज्य होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार.

"सुभेदारसाहेब, फाइल भोपाळला गेली की समजा गेली," पुतळा समितीचे चिटणीस मुकुंदराव म्हणाले. सेक्रेटरिएटमध्ये तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. फाइल कुठं मरते हे त्यांना नेमकं ठाऊक. "तिथं कोण ओळखतंय आपल्याला? जे करायचं ते तीस ऑक्टोबरच्या आत. मिनिस्टरसाहेबांची तारीख घेऊन टाकली मी."

तशी पुतळ्याची तयारी दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. दौलतगंजात भालचंद्रमास्तरांचं कामाचं ठिकाण होतं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि पुतळे करायचे. हात सोन्याचा, पण त्यांनी आजवर केलेले सगळे पुतळे एक तर घोड्यावर बसलेले नाही तर पागोटं घातलेले. समुद्र त्यांनी कॅलेंडरवर पाहिला होता. सूर्याजीचा त्यांना एकच फोटो मिळाला, तोही छातीपर्यंतचा. चेहरा जमला, टोपी जमली. खालचा माणूस कुठून आणायचा? तेव्हा मुकुंदरावांनीच सुचवलं, की बाप-लेकाचा बांधा एक होता, सुभेदारांनाच उभं करा.

आणि महिपतराव उभे राहिले. पलटण मोडून हिंदी फौजेत गेली तेव्हा वयामुळं त्यांना पेन्शनीत काढलं होतं. तेव्हापासून हा माणूस घरात असून नसल्यासारखा वावरत होता. पण मास्तरांचा निरोप आल्या दिवसापासून त्यांनी ट्रंकेतली वर्दी काढली, पितळी बटणं घासली, आणि रोज सकाळी आठ वाजता दौलतगंजला जाऊन तासभर सलामीत उभे राहू लागले. दोन महिने. वयाच्या सत्तरीत. परत येत तेव्हा त्यांचा चेहरा निवळलेला असे. विजयाबाईंना बरं वाटायचं. त्यांना वाटायचं, चला, म्हाताऱ्याला पुन्हा नोकरी लागली.

त्या स्वतः मात्र तिकडं फिरकल्या नव्हत्या. धुमाळांच्या सुना परक्या पुरुषांच्या कामाच्या जागी जात नसत. शेवटी मुकुंदरावच घरी येऊन म्हणाले, "विजयावहिनी, चेहरा एकदा तुम्ही पाहून घ्या. नंतर म्हणाल, हे आमचे नव्हेतच." तेव्हा नवरात्रातल्या अष्टमीला सासऱ्यांच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून, डोक्यावर पदर घेऊन त्या दौलतगंजला गेल्या.

पुतळा अंगणात उभा होता. चेहरा पाहिला आणि त्या दोन पावलं पुढं गेल्या. हनुवटीवरची लहानपणी पडल्याची खूणसुद्धा मास्तरांनी सोडली नव्हती. ओठ असे, की आता हसेल की मग हसेल. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मग त्यांचं लक्ष उजव्या बाजूला गेलं. दंड होता, कोपर होतं, आणि पुढं काही नव्हतं. पुतळा तुकड्यातुकड्यांनी ओतून मग जोडला होता, तेवढा एक हात राहिला होता. तो शेजारी गोणपाटावर ठेवलेला होता, कोपरापासून बोटांपर्यंतचा.

"आज बिठा देते, पर कल औजारों की पूजा है," ओतकाम करणारा मिस्त्री म्हणाला. "दशहरे के बाद जड देंगे, एक दिन का काम है."

विजयाबाई त्या हाताकडं बघत राहिल्या. बोटं जुळलेली, मनगट ताठ, आणि तळवा सरळ समोर, सगळ्या जगाला दाखवलेला. पायदळाची सलामी. अगदी अचूक होती, तिला कुणी नाव ठेवलं नसतं. फक्त ती सूर्याजीची नव्हती.

त्यांनी सासऱ्यांकडं पाहिलं. महिपतराव दुसरीकडंच बघत होते.

त्या मूग गिळून घरी आल्या. पण त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरात फुलं वाहतानाही डोळ्यांपुढं तोच तळवा येत राहिला.

सूर्याजीची सलामी त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असणार? लग्नानंतर चार महिने त्या मुंबईत कुलाब्याला त्याच्याबरोबर दोन खोल्यांत राहिल्या होत्या. एका सकाळी तो कामावर निघाला तेव्हा त्या कणीक मळत होत्या. त्यानं दारातून गंमतीनं सलाम ठोकला. त्यांनीही पिठाचा हात कपाळाला लावला, सासऱ्यांना पाहिलं होतं तसा, तळवा समोर करून. तो मागं फिरला आणि त्यानं त्यांचं मनगट धरून खाली वळवलं. "अंहं. आमच्यात तळवा दाखवत नाहीत. जुन्या जहाजांवर खलाशांचे हात डांबरानं काळे असायचे म्हणे. काळा तळवा साहेबाला दाखवायचा नाही, असा झाकायचा. तुझाही पिठानं भरलाय, झाक." मग रोजचाच खेळ झाला. तो जिन्यावरून, त्या दारातून. चार महिने रोज. बाकी संसार तो काय झाला त्यांचा? रजेतले दिवस धरले तरी वर्षही भरत नव्हतं.

आणि दुसरी आठवण, ती नको असताना येणारी. त्रेचाळीस सालच्या ऑक्टोबरात सूर्याजी शेवटचा रजेवर आला होता. परत जाताना महिपतराव त्याला स्टेशनवर पोचवायला आले, बरोबर पलटणीतले दोघे स्नेही. पंजाब मेल उभी होती. सूर्याजी पांढऱ्याशुभ्र वर्दीत डब्याच्या दारात उभा राहिला आणि त्यानं बापाला सलामी दिली, तळवा जमिनीकडं करून.

आता सलामीचा एक कायदा असतो, आणि धुमाळांच्या घरात तो भांडी घासणाऱ्या बाईलाही पाठ होता. खालच्या हुद्द्याच्या माणसानं आधी हात वर करायचा. वरिष्ठानं जबाब द्यायचा, द्यायचाच, त्यात सुटका नाही. आणि वरिष्ठाचा हात खाली आल्याशिवाय खालच्यानं आपला हात आणायचा नाही. तसं पाहिलं तर लेफ्टनंटचा हुद्दा सुभेदाराच्या वरचा. सलाम करायचा तो महिपतरावांनी. पण सूर्याजीनं हुद्दा बाजूला ठेवला आणि मुलगा म्हणून आधी हात उचलला.

महिपतराव स्नेह्यांसमोर म्हणाले, "ही सलामी आहे की डोळ्यांवरचं ऊन अडवतोयस? तळवा दाखव! उघडा तळवा म्हणजे हातात काही लपवलेलं नाही. बापापासून काय लपवतोस?"

"आबासाहेब, आमच्याकडे असंच असतं," सूर्याजी हसून म्हणाला. हात तसाच.

महिपतरावांनी आपले दोन्ही हात पाठीमागं बांधले. गाडी सुटली. सूर्याजी जबाबाची वाट बघत हात वर धरूनच उभा होता. डबा दिसेनासा झाला तोवर तो हात खाली आला नव्हता. चार महिन्यांनी तार आली.

ह्या गोष्टीबद्दल सासरा-सून तेरा वर्षांत एक अक्षर बोलले नव्हते.

आणि आता हा गोणपाटावरचा हात! विजयाबाईंना वाटलं, चूक कसली, हा हट्ट आहे. जिवंतपणी लेकानं ऐकलं नाही, म्हणून आता त्याला ब्रॉन्झमध्ये धरून तळवा दाखवायला लावताहेत. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याशी भांडण जिंकताहेत. त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता एवढा राग आला.

तो दिवस खंडेनवमीचा. महिपतरावांनी पाटावर तलवार मांडली होती, शेजारी पदकं आणि घडी केलेली वर्दी. गंध-फूल वाहून ते उठत होते तेवढ्यात विजयाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आबासाहेब, पुतळ्याचा हात चुकलाय."

महिपतराव पुन्हा खाली बसले. "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?" त्यांचा आवाज चढला. ह्या घरात सुनेचा आवाज चढायची ही पहिलीच वेळ. "ठाऊक होतं तर मास्तरांना सांगितलं का नाही? चेहऱ्याखाली तेवढा एकच हात होता ह्यांचा स्वतःचा, बाकी सगळं तर तुमचंच आहे. तोही काढून घेतलात? गेलेल्या माणसाशी कसलं भांडण जिंकायचं राहिलंय तुमचं?"

आता सासरे काय बोलतील ते बोलोत, असं म्हणून त्या उभ्या राहिल्या.

महिपतरावांनी वर्दीवरचं फूल सारखं केलं. मग खाली बघतच म्हणाले, "जिंकत नव्हतो गं. जबाब देत होतो."

विजयाबाईंना कळेना.

"पहिल्या दिवशी मास्तर बोलले, सुभेदार, सलामीत उभे राहा. राहिलो. डोळे मिटले, आणि एकदम समोर गाडीचं दार दिसलं. तो उभा. हात वर. तसाच उभा होता तो, माझी वाट बघत." ते थांबले. "हात आपोआप वर गेला माझा. एवढ्या सालांच्या उशिरानं. मास्तर मातीत काय बनवताहेत तिकडं ध्यानच नव्हतं. मी त्याला जबाब देत होतो, सूनबाई. रोज एक तास. दोन महिने."

देवघरात निरांजन जळत होतं. विजयाबाई उंबऱ्यावरच खाली बसल्या.

"आठ-दहा दिवसांनी कळलं, की हा हात त्याला लागणार आहे. माझा हात, त्याच्या खांद्याला. सांगायला पाहिजे होतं. रोज घरातून ठरवून निघायचो. पण सांगितलं असतं तर मास्तर बोलले असते, मग सुभेदार, तुमचं काम नाही, या तुम्ही. वाटायचं, आणखी एक दिवस देऊ जबाब. उद्या सांगू. असं करता करता धातू ओतून झाला." त्यांचे डोळे वाहत होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत. "स्टेशनावर कसला मिजास केला मी! त्याचा हात दुखला असेल गं."

विजयाबाईंचा राग कुठल्या कुठं गेला. तेरा वर्षं ज्या माणसाला त्यांनी मनातल्या मनात दगड म्हटलं होतं, तो रोज वर्दी घालून कुठं जात होता, हे त्यांना आज कळलं.

"आबासाहेब," त्या म्हणाल्या, "हात बदलायचा."

दुसऱ्या दिवशी दसरा. दोघं दौलतगंजला पोचले तेव्हा मास्तरांची हत्यारं अजून झेंडूच्या फुलांखाली होती. मुकुंदराव सोनं द्यायला म्हणून आलेले, ते हे ऐकून मटकन स्टुलावर बसले.

"पंधरा दिवस! अहो सुभेदारसाहेब, माती, मग साचा, मग मेण, मग ओतकाम... पंधरा दिवसांत कुठून होणार? आणि तीस तारीख टळली तर मिनिस्टर मिनिस्टर राहणार नाहीत. सरकारच राहणार नाही! आणि हात बघतो कोण? ग्वाल्हेरात कुणी बापजन्मी आरमार पाहिलंय का?"

"मी पाहिलंय," महिपतराव म्हणाले. "स्टेशनावर."

मास्तर आधी रागावले. रागावणं रास्तच होतं, दोन महिन्यांत दहा वेळा सांगता आलं असतं. पण ते कलावंत होते, आणि चुकीचा हात चुकीचा आहे हे एकदा कळल्यावर त्यांना तो डोळ्यांसमोर नको झाला. "धातू नवीन मिळायचा नाही आता," ते म्हणाले. "हाच हात वितळवायचा आणि ह्याचाच नवा ओतायचा. दाखवा, सुभेदार. कसा होता?"

महिपतराव उभे राहिले, हात उचलला, आणि कपाळाशी पोचता पोचता तळवा आपणहून समोर वळला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. डाव्या हातानं उजवं मनगट धरून वाकवलं. सोडलं की परत जागच्या जागी. पन्नास वर्षांची सवय ती, मेल्यावरच सुटायची. म्हातारा घामाघूम झाला.

"राहू द्या, आबासाहेब," विजयाबाई म्हणाल्या. "मी दाखवते."

मिस्त्री उठून पाठमोरा झाला. त्याच्याही घरात पडदा होता. विजयाबाई ओट्यावर चढल्या, पाय जुळवले, आणि उजवा हात उचलला. मनगटात ना बांगडी ना काही. हात कपाळाशी गेला आणि तळवा जमिनीकडं झुकला, थोडासाच, कणीक लागलेली दिसू नये एवढा. बारा वर्षांत त्यांनी तो एकदाही उचलला नव्हता, पण मनगट काही विसरलं नव्हतं.

हात वर जाताना डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला. त्यांचा डावा हात झटकन तो सावरायला निघाला.

"पदर राहू दे," महिपतराव म्हणाले. "हात हलवू नको."

मास्तरांनी पूजेतलं फूल बाजूला करून मातीचं कोरणं उचललं. "कोन बाईंचा, माप सुभेदारांचं," असं काहीसं ते स्वतःशीच म्हणाले आणि कामाला लागले. पुढचे पाच दिवस विजयाबाई रोज सकाळी आठ वाजता ओट्यावर उभ्या राहिल्या. आणि महिपतराव खाली खुर्ची टाकून बसत. कोपर खाली आलं की सांगत, "साहेब, कोपर." चेष्टेत म्हणायचे की खरोखर, हे विजयाबाईंना शेवटपर्यंत समजलं नाही.

हात एकोणतीस तारखेला दुपारी बसला. सांधा अजून गरम होता, तेव्हाच मुकुंदराव चादर घेऊन हजर. ह्या पंधरा दिवसांत त्यांची निम्मी मिशी पांढरी झाली असं ते पुढं सांगत. तेवढं सोडून द्या.

तीस ऑक्टोबरला कंपूच्या चौकात मांडव पडला. मिनिस्टर आले. त्यांच्या मंत्रिपदाचे दोनच दिवस उरले होते, त्यामुळं त्यांना मुळीच घाई नव्हती. पाऊण तास बोलले. बाड्यावर हसणारेही सगळे आले होते, पुढच्या रांगेत. दोरी ओढली, चादर खाली आली, आणि पांढऱ्या चौथऱ्यावर उन्हात सूर्याजी दिसला. बापाच्या खांद्यांचा, हनुवटीवर खूण असलेला, हात कपाळाशी, तळवा जमिनीकडं झुकलेला. कुणी हसलं नाही.

"हाथ ऐसा क्यूं है?" मागं कुणीतरी विचारलं.

"नेव्हीवाले ऐसेही करते हैं," दुसऱ्यानं ऐटीत सांगितलं, जसा काही हा रोज बंदरावर जातो.

मग महिपतराव उठले. पूर्ण वर्दीत, छातीवर पदकं. काठी त्यांनी खुर्चीलाच टेकून ठेवली. पुतळ्यासमोर सहा पावलांवर थांबले, टाचा जुळवल्या, आणि सलामी दिली. तळवा समोर, उघडा. त्यांची स्वतःची. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटोवाल्यानं फोटो काढला, बँड वाजला, आणि मंडळी चहाकडं वळली.

महिपतरावांचा हात खाली आला नाही.

पाच मिनिटं झाली. लोकांचा चहा संपत आला. मुकुंदरावांनी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सुभेदारसाहेब, झालं सगळं, चला." ते हलले नाहीत. मिनिस्टर मोटारीत बसता बसता म्हणाले, "बस, बस, सुभेदारजी, बहुत हो गया." त्यांनी तिकडं पाहिलंही नाही. हात थरथरू लागला होता. दंडापासून सगळा खांदा हलत होता, घाम कानामागून कॉलरमध्ये जात होता, पण बोटं कपाळाला चिकटलेली.

"अरे, ह्यांना काही होतंय," मुकुंदराव घाबरले. "वहिनी, बघा जरा! कुणी डॉक्टरला..."

विजयाबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांना काही विचारावं लागलं नाही. कायदा त्यांना पाठ होता. समोर लेफ्टनंट होता. ह्या खेपेला सुभेदारानं त्याला लेफ्टनंट मानून हात उचलला होता, आणि वरिष्ठाचा हात खाली आल्याशिवाय खालच्यानं आपला आणायचा नाही. आणि हा वरिष्ठ तर ब्रॉन्झचा. तो आज हात खाली आणणार नव्हता, उद्याही नाही, आणि म्हातारा पडेपर्यंत वाट बघणार होता. एकदा मुलानं बघितली होती तशी.

त्या उठल्या. चौकात एवढे पुरुष, अर्धं कंपू, ओळखीची घरं. त्या सरळ चालत गेल्या आणि चौथऱ्याच्या पायरीवर चढून पुतळ्याला पाठ लावून, सासऱ्यांकडं तोंड करून उभ्या राहिल्या. सूर्याजीची सावली त्यांच्या अंगावर पडली होती.

त्यांनी उजवा हात उचलला. पदर खांद्यावर आला, तो त्यांनी येऊ दिला. तळवा जमिनीकडं झुकवून हात कपाळाशी धरला, वरच्या हातासारखाच, बोटाचाही फरक नाही. महिपतरावांची नजर पुतळ्यावरून उतरून त्यांच्या हातावर आली.

विजयाबाईंनी तो क्षणभर तसाच धरला. मग सावकाश खाली आणला.

महिपतरावांचा हात खाली आला. त्यांनी श्वास सोडला, दुसऱ्या हातानं खांदा चोळला, आणि वर्दीची बाही नीट केली.

"किती वेळ उभं केलं साहेबांनी!" ते म्हणाले. "चल, सूनबाई. चहा निवला असेल."